तीन तारखांची वही

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या काही मराठी घरांतली चौदा ते सतरा वयाची मुलं शनिवारी दुपारी माझ्याकडे वाचायला येतात. शाळेत त्यांना अमेरिकेचा इतिहास असतोच, अकरावीत बरेच जण एपी यूएस हिस्ट्री हा कॉलेजच्या पातळीचा विषय घेतात. पण तिथे १९३०चं दशक झपाट्याने उरकतं. शेअर बाजार कोसळला, बँका बुडाल्या, धुळीची वादळं आली, रूझवेल्ट आले, न्यू डील आलं, मग युद्ध. मुलांना हा क्रम तोंडपाठ असतो. त्या काळात माणसं कुणाच्या शेतात राबत होती, कुणाला घाबरत होती, मेल्यावर त्यांना कुठे पुरलं जात होतं, हे विचारलं की ती गप्प होतात. म्हणून आम्ही दशकवार कादंबऱ्या घेऊन बसायचं ठरवलं. इथे त्यातल्या एकाच दशकाची हकीकत सांगते, कारण त्या दशकाने आमची वाचायची रीतच बदलून टाकली.

एका कुटुंबाची गोष्ट

सुरुवात जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ने झाली. १९३० म्हटलं की कुणीही पहिलं नाव याच कादंबरीचं घेईल. एप्रिल १९३९मध्ये ती आली, वर्षभरात लाखोंनी खपली आणि १९४०चं पुलित्झर तिला मिळालं. ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमिनीवरून हुसकावलं जातं, मोडक्या गाडीत संसार घालून रूट ६६ ने कॅलिफोर्नियाला येतं आणि इथे फळबागांच्या मालकांच्या तावडीत सापडतं. आमच्या मुलांना यातला भूगोल जवळचा होता. कादंबरीतली सरकारी छावणी बेकर्सफील्डजवळ आर्विनला खरोखरच होती. तिचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांना पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत स्थान आहे. लॉस एंजलिसला जाताना या मुलांच्या गाड्या त्याच खोऱ्यातून जातात.

पुस्तकाचं पुढे काय झालं, तेही आम्ही कादंबरीसोबतच वाचलं. ऑगस्ट १९३९मध्ये आर्विन ज्या जिल्ह्यात येतं त्या कर्न काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने चार विरुद्ध एक मतांनी ही कादंबरी काउंटीच्या शाळांतून आणि ग्रंथालयांतून काढून टाकली. काउंटीच्या ग्रंथपाल ग्रेचन नीफ यांनी मंडळाला पत्र लिहून विरोध केला, तरीही बंदी जानेवारी १९४१पर्यंत टिकली. ज्या भागाचं चित्र पुस्तकात होतं, त्याच भागातल्या सत्तेला ते नको होतं. हे कळल्यावर मुलं पुस्तकाकडे गृहपाठ म्हणून बघेनाशी झाली.

पेच एकोणिसाव्या प्रकरणात आला. तिथे स्टाइनबेक कॅलिफोर्नियाच्या जमिनीचा इतिहास थोडक्यात सांगतात: जमीन आधी मेक्सिकन लोकांची होती, मग अमेरिकनांनी बळकावली, मग मोठ्या मालकांनी चिनी, जपानी, मेक्सिकन, फिलिपिनो मजूर आणून त्यांच्याकडून गुलामांसारखं काम करून घेतलं. हे सारं मोजक्या परिच्छेदांत येतं आणि गोष्ट पुन्हा जोड कुटुंबाकडे वळते. गटातल्या एका मुलीने त्या ओळींखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, “मग ही माणसं गेली कुठे?”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. स्टाइनबेक यांनी खोटं काही लिहिलं नव्हतं. एक कुटुंब निवडलं की बाकीची कुटुंबं पानाबाहेर राहणारच, कुठल्याही कादंबरीचं असंच असतं. पण ते पुस्तक शिक्षक जेव्हा ‘त्या दशकाची कादंबरी’ म्हणून वर्गात देतो, तेव्हा त्या एका कुटुंबाला सगळ्या देशाचं प्रतिनिधित्व करावं लागतं. जोड कुटुंबाला ते ओझं पेलणार नव्हतं, आणि ते त्यांच्यावर टाकणंही बरोबर नव्हतं.

नकाशानेही हातभार लावला. जोड कुटुंब सॅलिसॉचं, म्हणजे पूर्व ओक्लाहोमातलं. धुळीच्या वादळांचा खरा पट्टा पश्चिमेला, ओक्लाहोमाच्या चिंचोळ्या पॅनहँडलमध्ये आणि त्याला लागून असलेल्या कॅन्सस, कोलोरॅडो, टेक्सस, न्यू मेक्सिकोच्या भागांत होता. १४ एप्रिल १९३५चा ‘ब्लॅक संडे’ त्या पट्ट्यातला. सॅलिसॉच्या कुळांना उठवलं ते मुख्यतः कापसाच्या पडलेल्या भावाने, कर्जाने आणि ट्रॅक्टरने. आज मात्र सगळ्यांच्या डोक्यात ‘धूळ उडाली म्हणून जोड निघाले’ एवढंच शिल्लक आहे.

दुसरं हस्तलिखित

त्या खऱ्या धुळीच्या पट्ट्यातून आलेली एक बाई त्याच वेळी तीच कादंबरी लिहीत होती. सनोरा बॅब यांचा जन्म १९०७चा, तेव्हा ओक्लाहोमा राज्यही झालेलं नव्हतं. त्यांचं बालपण त्या कोरडवाहू मुलखात गेलं. १९३८मध्ये त्या कॅलिफोर्नियाच्या छावण्यांत फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्यासाठी टॉम कॉलिन्स यांच्यासोबत काम करत होत्या. रोज स्थलांतरितांशी बोलायचं आणि टिपणं लिहायची. त्या टिपणांची प्रत कॉलिन्स यांच्यामार्फत स्टाइनबेक यांच्याकडे गेली, असं त्या सांगत. स्टाइनबेक यांनी त्यातलं किती घेतलं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि मुलांसमोर मी तो वाद उघडाच ठेवला. पुढे जे झालं त्यात मात्र वाद नाही. बॅब यांची सुरुवातीची प्रकरणं रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेच्या बेनेट सर्फ यांना आवडली होती. ‘द ग्रेप्स ऑफ राथ’ आलं, गाजलं, आणि त्याच विषयावरच्या दुसऱ्या कादंबरीला बाजारात जागा नाही असं ठरलं. हस्तलिखित पडून राहिलं. ‘हूज नेम्स आर अननोन’ छापली गेली २००४मध्ये, ओक्लाहोमा विद्यापीठाच्या प्रकाशनातर्फे. पुढच्याच वर्षीच्या शेवटच्या दिवशी बॅब वारल्या.

दोन्ही पुस्तकांतली छावणीतली प्रकरणं आम्ही शेजारी शेजारी ठेवून वाचली. स्टाइनबेक यांची भाषा बायबलसारखी उंच जाते आणि माणसं प्रतीकं होतात. बॅब यांची भाषा जमिनीवरून हलत नाही. डन कुटुंबातली ज्युलिया धुळीच्या दिवसांची रोजनिशी लिहिते: आज वारा, आज पुन्हा वारा, खिडक्यांना ओली फडकी. मुलांत तट पडले. काहींना बॅब ‘कंटाळवाण्या पण खऱ्या’ वाटल्या, काहींना स्टाइनबेक ‘भव्य पण लांबून पाहणारे’. माझं स्वतःचं मत बॅब यांच्या बाजूने झुकतं. घरातली बाई धुळीशी कशी लढते हे त्यांना बाहेरून बघावं लागलं नव्हतं. हे मत मी मुलांना सांगितलंही. शिक्षकाने सगळी पुस्तकं सारखीच चांगली असल्याचा आव आणला की मुलांना ते लगेच कळतं.

आणखी एक गोष्ट बॅब यांच्या आयुष्यातूनच आली. त्यांचे पती जेम्स वाँग हाउ हे हॉलिवूडचे नामवंत छायाचित्रकार, जन्माने चिनी. दोघांचं लग्न १९३७मध्ये पॅरिसला झालं, पण गोऱ्या आणि आशियाई माणसांचं लग्न कॅलिफोर्नियाचा कायदा मानत नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला १९४८मध्ये. छावणीत गरीब गोऱ्यांची दुःखं टिपणाऱ्या या बाईचा स्वतःचा संसार त्याच राज्यात बेकायदा होता.

इथेच वहीत तीन रकाने आले. प्रत्येक पुस्तकासाठी मुलांनी तीन तारखा लिहायच्या: गोष्ट कधीची, लिहिली कधी, लोकांच्या हाती आली कधी. स्टाइनबेक यांच्या तिन्ही तारखा जवळजवळ एकाच जागी पडतात. बॅब यांच्या तिसऱ्या तारखेला पासष्ट वर्षं उशीर आहे. हे अंतर कशामुळे पडलं, हे शोधणं हाच आमचा अभ्यास झाला.

रकाने भरताना

दार्सी मॅकनिकल यांची ‘द सराउंडेड’ १९३६ची. मोंटानातल्या फ्लॅटहेड या मूळ अमेरिकनांच्या राखीव क्षेत्रात परत आलेला अर्काइल्ड, त्याची सेलिश जमातीतली आई, स्पॅनिश बाप, मिशनची शाळा. पुस्तक वेळेवर छापलं, पण फारसं कुणी वाचलं नाही. दुसरी आवृत्ती निघाली १९७८मध्ये, मॅकनिकल गेल्यानंतरच्या वर्षी. अमेरिको पारेदेस यांनी ‘जॉर्ज वॉशिंग्टन गोमेझ’ १९३६ ते १९४० या काळात लिहिली, छापली गेली १९९०मध्ये. टेक्सस-मेक्सिको सीमेवर आईबाप मोठ्या आशेने मुलाचं नाव जॉर्ज वॉशिंग्टन ठेवतात. हा मुलगा शेवटी आपल्याच लोकांवर नजर ठेवणारा लष्करी अधिकारी होतो. समासातल्या प्रश्नाचं काही उत्तर इथे मिळालं. त्या दशकात लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना दबाव आणून, घाबरवून, गाड्यांत बसवून सीमेपार पाठवण्यात आलं. त्यांतले कितीतरी अमेरिकेत जन्मलेले नागरिक होते. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल कायदा करून माफी मागितली ती २००५मध्ये.

उत्तराचा दुसरा भाग कार्लोस बुलोसान यांच्याकडे होता. ते १९३०मध्ये फिलिपिन्सहून सिअ‍ॅटलला उतरले. त्याच वर्षी जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वॉट्सनव्हिलमध्ये फिलिपिनो मजुरांवर जमावाने हल्ले केले होते आणि फर्मिन तोबेरा हा तरुण मारला गेला होता. १९४६चं ‘अमेरिका इज इन द हार्ट’ आत्मकथन म्हणून छापलं गेलं, पण त्यात इतर अनेक फिलिपिनो मजुरांचे अनुभवही मिसळले आहेत. मग ते कादंबरीच्या रकान्यात बसतं का? मुलांनी यावर भरपूर भांडून घेतलं आणि शेवटी रकान्यात दोन्ही शब्द लिहिले. यातली मारहाणीची प्रकरणं लहान मुलांना झेपणारी नाहीत. पंधराच्या आतल्यांसाठी मी ती वगळली आणि वगळल्याचं त्यांना सांगितलं.

झोरा नील हर्स्टन यांच्या ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ने (१९३७) वेगळीच गुंतागुंत आणली. लेखक रिचर्ड राइट यांनी ‘न्यू मासेस’ या डाव्या नियतकालिकात त्यावर कठोर टीका केली होती. या कादंबरीला काही सांगायचं नाही, ती गोऱ्या वाचकांना करमणूक पुरवते, असा त्यांचा रोख होता. मुलांना धक्का बसला तो दोघंही कृष्णवर्णीय असल्याचा. ‘दुसरी बाजू’ म्हणून आपण एक पुस्तक घेतो आणि त्या बाजूच्या आतच दोन बाजू निघतात, हे त्यांना प्रथमच इतकं स्पष्ट दिसलं. हर्स्टन यांची पुस्तकं बाजारातून गेली, त्या १९६०मध्ये हलाखीत वारल्या. १९७३मध्ये लेखिका ॲलिस वॉकर फ्लोरिडात जाऊन त्यांची निनावी कबर शोधून आल्या आणि १९७८मध्ये कादंबरी पुन्हा छापली गेली.

कादंबरीतलं वादळ १९२८चं आहे, ओकीचोबी तलावाचा बांध फोडणारं. त्यात गोऱ्या मृतांसाठी पेट्या मिळतात आणि काळ्यांना चुना टाकून खड्ड्यांत पुरलं जातं. एका मुलाला ही अतिशयोक्ती वाटली, म्हणून तो नोंदी बघून आला. वेस्ट पाम बीचला ६७४ कृष्णवर्णीयांना एका सामूहिक खड्ड्यात पुरलं होतं. गोरे मृत दुसऱ्या दफनभूमीत होते. त्यानंतर मोठ्याने वाचन थांबलं आणि बराच वेळ कुणी पुढचं पान उलटलं नाही. हर्स्टन यांची बोली डोळ्यांनी वाचताना मुलं अडखळत होती, आलटून पालटून मोठ्याने वाचायला लागल्यावर सुटली. त्या पुस्तकांत येणारी वंशवाचक शिवी मात्र तोंडाने उच्चारायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरलेला होता.

एकच बाई, दोन मुलाखती

‘गॉन विथ द विंड’ घ्यायची की नाही यावर पालकांशी बोलणं झालं. १९३६ची ही कादंबरी, १९३७चं पुलित्झर, प्रचंड खप. गुलामगिरीचं गोड चित्र मुलांना कशाला द्यायचं, असा रास्त प्रश्न आला. मी ती निवडक प्रकरणांपुरती घेतली, आणि १८६०च्या खाली न ठेवता १९३०च्या खाली ठेवली. यादवी युद्धाबद्दल ती जे सांगते त्यापेक्षा १९३६च्या वाचकांना काय ऐकायला आवडत होतं, याबद्दल ती जास्त सांगते. तिच्या आदल्याच वर्षी कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ हा ग्रंथ आला होता, रिकन्स्ट्रक्शनवरचा, म्हणजे यादवी युद्धानंतर झालेल्या दक्षिणेच्या पुनर्रचनेवरचा. इतिहासकारांनीच त्या काळाचं चित्र कसं विकृत केलं, यावर त्यातलं शेवटचं प्रकरण आहे. ते प्रकरण आणि कादंबरीतली युद्धानंतरची पानं एका शनिवारी एकत्र वाचली.

मग मी मुलांना दोन कागद दिले. १९३६ ते १९३८ या काळात फेडरल रायटर्स प्रोजेक्ट या सरकारी उपक्रमाने गुलामगिरीत जन्मलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या मुलाखती टिपून घेतल्या होत्या. त्यांतल्या साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनच्या या दोन. एका कागदातली म्हातारी सांगते की मालक चांगला होता, वागणूक बरी होती. दुसऱ्यातली म्हातारी फटके सांगते, विकल्या जाणाऱ्या माणसांचा आक्रोश सांगते. मुलांनी दोन अनुभव म्हणून टिपणं काढली. दयाळू मालक आणि क्रूर मालक, दोन्ही प्रकारचे असणार, असा समतोल निष्कर्षही काढला. त्यानंतर मी दाखवलं की ही एकच बाई आहे. एका कागदावर सुझन हॅमलिन, दुसऱ्यावर सुझन हॅमिल्टन. पहिली मुलाखत एका गोऱ्या बाईने घेतली होती आणि ती कल्याण खात्यातून आली आहे असा म्हातारीचा समज होता. दुसरी घेणारा माणूस कृष्णवर्णीय होता.

अमेरिकेत इतिहास शिकणाऱ्यांना ही जोडी परिचित आहे, माझी काही ती युक्ती नव्हे. पण कादंबऱ्यांच्या मधोमध ती ठेवल्याने तिचं वजन वाढलं. तोवर मुलं ‘कादंबरी म्हणजे कल्पित, मुलाखत म्हणजे पुरावा’ अशी वाटणी करत होती. भुकेल्या दशकात, दक्षिणेत, मदतीच्या आशेवर असलेली म्हातारी गोऱ्या पाहुणीला काय सांगू शकत होती, हे लक्षात आल्यावर ती वाटणी टिकेना. वहीत चौथा रकाना मुलांनी आपणहून आखला: कुणापुढे सांगितलं.

याच रकान्यात मराठी पान जोडता आलं. जोतीराव फुले यांचं ‘गुलामगिरी’ १८७३चं, म्हणजे ऐन रिकन्स्ट्रक्शनच्या काळातलं. काळ्या माणसांना दास्यातून सोडवण्यासाठी त्याग करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं आहे, आणि शूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी इच्छा त्यात आहे. पुण्याहून दिसलेली अमेरिका ही अशी होती. त्यानंतर चारच वर्षांत, १८७७मध्ये, दक्षिणेतलं उरलंसुरलं केंद्रीय सैन्य राज्य सरकारांच्या पाठीमागून हटलं आणि मिळालेले हक्क पुन्हा हिरावले जाऊ लागले. एका मुलाने विचारलं, फुल्यांना हे कळलं असतं तर त्यांनी अर्पणपत्रिका बदलली असती का? दुसरीचं म्हणणं पडलं की ती अर्पणपत्रिका फुल्यांच्या वाचकांसाठी होती, अमेरिकनांना प्रशस्तिपत्र म्हणून नव्हती. मला हे दुसरं उत्तर जास्त पटलं. १९४६मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी द्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाबद्दल माहिती मागितली, हेही तेव्हाच वाचलं.

पालकांचे प्रश्न

“मावशी, तेव्हा आपण कुठे होतो?” हे मुलांनी विचारलं, पण प्रश्न पालकांचाही होता. १९१७च्या कायद्याने भारतीयांचं येणं जवळजवळ बंद झालं होतं, १९२३च्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नागरिकत्वाचं दार मिटलं. १९४६मध्ये ते उघडलं, पण नव्याने येणं वर्षाला शंभर जणांपुरतंच होतं. १९३०च्या कॅलिफोर्नियात इंपीरियल व्हॅलीत, युबा सिटीजवळ पंजाबी शेतकरी होते, त्यांतल्या अनेकांचे संसार मेक्सिकन बायकांशी झालेले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले, ओरेगॉनमध्ये शेतकी शिकलेले, त्या दशकात सीमेपलीकडे मेक्सिकोत मक्यावर आणि गव्हावर काम करत होते. इंग्रज सरकारमुळे त्यांना मायदेशी परतता येत नव्हतं. त्या दशकाच्या गोष्टीत आपली माणसं मालकाच्या बंगल्यात नव्हती, शेतात होती. हे ऐकताना मुलांपेक्षा मोठी माणसंच जास्त गंभीर झाली होती.

परीक्षेत याचा उपयोग काय, हेही स्पष्ट विचारलं गेलं. एपीच्या परीक्षेत सात कागदपत्रं देऊन त्यांवर निबंध लिहायचा असतो, आणि ते कुणी, कोणत्या परिस्थितीत, कुणासाठी, कशाला लिहिलं हे उलगडावं लागतं. आमच्या चार रकान्यांत नेमकं तेच होतं. तारखा आणि कायदे मात्र वेगळे पाठ करावे लागले. कादंबऱ्यांतून बँकांसाठीचा ग्लास-स्टीगल कायदा कळत नाही, आणि मी तसा दावा कधी केला नाही.

वेळेची अडचण खरी आहे. एवढी पुस्तकं अख्खी वाचणं कुठल्याच मुलाला शक्य नव्हतं. प्रत्येकाने एक पुस्तक पूर्ण वाचायचं, इतरांतली ठरलेली प्रकरणं वाचायची आणि आपल्या पुस्तकाबद्दल गटाला उत्तरं द्यायची, असं ठरलं. यात मॅकनिकल यांच्यावर अन्याय झाला. त्यांची कादंबरी पूर्ण वाचणारा एकच मुलगा होता आणि सेलिश समाजाबद्दल त्याला पडलेल्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तरं नव्हती. पुढच्या खेपेला त्या समाजाच्या लोकांनी स्वतः लिहिलेला इतिहास शेजारी ठेवायचा आहे.

डोरोथिया लँग यांचं मार्च १९३६मधलं ‘मायग्रंट मदर’ हे छायाचित्र आम्ही मुद्दाम शेवटी पाहिलं. मुलांनी ते आधी शंभरदा पाहिलेलं होतं आणि प्रत्येकाने तिला धुळीतून पळून आलेली गोरी शेतकरीण समजलं होतं. तिचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळलं १९७८मध्ये. ती चेरोकी, म्हणजे मूळ अमेरिकन जमातीतली होती, आणि धुळीची वादळं सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून कॅलिफोर्नियात होती. मुलांनी छायाचित्रालाही चार रकाने लावले.

आता १९४०चं दशक सुरू आहे. जपानी वंशाचे अमेरिकन लेखक जॉन ओकाडा यांची ‘नो-नो बॉय’ निवडताना वाद झाला नाही: गोष्ट युद्धानंतरच्या सिअ‍ॅटलची, छापली १९५७मध्ये, वाचकांनी पाठ फिरवली, ओकाडा १९७१मध्ये गेले आणि १९७६मध्ये तरुण आशियाई-अमेरिकन लेखकांनी ती पुन्हा काढली. वाद चालू आहे तो एला डेलोरिया यांच्या ‘वॉटरलिली’वरून. ती लिहिली १९४०च्या दशकात, तिच्यात एकोणिसाव्या शतकातल्या डकोटा या मूळ अमेरिकन जमातीतल्या स्त्रियांचं जगणं आहे, आणि ती छापली गेली १९८८मध्ये, लेखिका गेल्यानंतर सतरा वर्षांनी. भिंतीवरच्या दशकांच्या पट्टीवर तिची चिठ्ठी कुठे लावायची यावर गटाचं एकमत झालेलं नाही. सध्या तिच्या तीन चिठ्ठ्या तीन ठिकाणी लावल्या आहेत.